पुस्तके न वाचता शहाणे होता येते काय?

आपल्या मंडळाच्या कुटुंबांत एक वाद नेहमी रंगतो. उत्सवाच्या पंगती उठल्या, पानसुपारी झाली, की कोणी वडीलधारे गृहस्थ म्हणतात, “आमच्या आजोबांना सही करता येत नव्हती, पण त्यांनी चार घरे उभी केली, चौघांची भांडणे मिटवली. आणि हल्लीची मुले पुस्तकात डोके खुपसून बसतात, बाजारातून धड भाजी आणता येत नाही!” यावर पंगतीतील एखादे मास्तर उत्तर देतात, की वाचनावाचून बुद्धीला धार चढत नाही. दोन्ही पक्षांजवळ उदाहरणे तयार असतात, आणि वाद जेथे सुरू होतो तेथेच संपतो.

हा वाद करमणुकीपुरताच असता तर आम्ही लेखणी उचलली नसती. परंतु त्याच्या निकालावर घरोघर निर्णय होत असतात. दहावीनंतर मुलीने वाचनालयाची वर्गणी मागितली तर द्यावी की नाही, दुकानावर बसणारा मुलगा रात्री पुस्तक घेऊन बसला तर त्यास दिवा मालवावयास सांगावे की नाही, हे त्यावरच ठरते. इतकेच नव्हे, तर सभामंडपातील पुस्तकांचे कपाट रिकामे करून तेथे उत्सवाची भांडी ठेवावीत, अशी सूचनाही मध्यंतरी पुढे आली आहे. यास्तव या प्रश्नाचा थोडा खोलात जाऊन विचार करणे अवश्य वाटते.

प्रथम वडीलधाऱ्यांचा पक्ष पाहू. कारण तो वाटतो तितका कच्चा नाही. बहिणाबाई चौधरी यांचा जन्म १८८० साली जळगावजवळच्या असोदे गावी शेतकरी कुटुंबात झाला. त्या शाळेत गेल्या नाहीत. अक्षरओळख त्यांना अखेरपर्यंत झाली नाही. लहान वयात लग्न, तरुणपणी वैधव्य, आणि जन्मभर शेत, जाते व चूल. याच कामांच्या ओघात त्या आपल्या खानदेशी बोलीत गाणी रचीत. पेरणी, सुगरणीचा खोपा, माणसाच्या मनाची चंचलता, संसारातील सुखदुःखे यांविषयी त्यांना जे दिसले ते भल्या भल्या पदवीधरांस दिसत नाही. बुद्धी म्हणजे गोष्टीचे मर्म ओळखण्याची शक्ती, असा अर्थ घेतला तर ग्रंथावाचून बुद्धी असू शकते हे सिद्ध करावयास दुसरा पुरावा नको.

तथापि याच उदाहरणाची दुसरी बाजू सहसा सांगितली जात नाही. बहिणाबाई १९५१ साली वारल्या. त्यांच्या गाण्यांपैकी त्यांचे चिरंजीव कवी सोपानदेव आणि एक आप्त यांनी जी उतरून ठेवली होती तेवढीच हाती राहिली. ती आचार्य अत्रे यांच्या पाहण्यात आली आणि १९५२ साली त्यांचे पुस्तक निघाले. जे कोणी उतरून घेतले नाही ते जात्याच्या घरघरीबरोबर विरून गेले. म्हणजे ज्या बाईचे नाव घेऊन आपण पुस्तकांविरुद्ध बोलतो, ती बाई आपणांस ठाऊक झाली ती एका पुस्तकामुळे! आणखी एक गोष्ट अशी, की त्यांचे मन कोऱ्या पाटीसारखे नव्हते. कीर्तन, पुराण, जात्यावरच्या ओव्या, म्हणी, सणावारांच्या कहाण्या यांचे श्रवण त्या काळच्या खेड्यात बारमाही चाले. बुद्धीला खाद्य लागतेच. त्यांना ते डोळ्यांवाटे न मिळता कानांवाटे मिळाले.

कानांवाटे येणाऱ्या विद्येविषयी बोलण्याचा आम्हांस थोडा अधिकार आहे. आम्ही पुरोहिताच्या घरात वाढलो. मुंज झाल्यावर वडिलांनी संथा दिली ती तोंडी. पोथी पुढ्यात ठेवण्याची परवानगी नव्हती. उदात्त, अनुदात्त आणि स्वरित हे कागदावरच्या रेघांवरून गळ्यात उतरत नाहीत, ते गुरूच्या तोंडून ऐकूनच उतरतात, हे त्यांचे म्हणणे खरे होते. वेदपाठाची परंपरा हजारो वर्षे अशीच टिकली. पद, क्रम, जटा, घन असे पाठ रचून शब्दांची पुढेमागे गुंफण केली, ती एवढ्यासाठीच की एकही अक्षर ढळू नये. स्मरणशक्तीचा एवढा मोठा पराक्रम जगात दुसरीकडे क्वचितच आढळेल.

पण याच घरात आम्ही हेही पाहिले, की खडखडीत पाठ म्हणणाऱ्या मुलास अर्थ विचारला तर तो गप्प बसतो. निरुक्तकार यास्काने अर्थ न जाणणाऱ्या पाठकाची कडक कानउघाडणी केली आहे, तेव्हा हे दुखणे आजचे नाही. रुद्राबरोबर आम्ही कित्येक वर्षे चमक म्हणत होतो. त्यात तांदूळ, जव, उडीद, तीळ, मूग, गहू, मसूर अशी शेतकऱ्याच्या घरातील धान्यांची सरळ यादी आहे, हे आम्हांस एका जुन्या मराठी भाषांतराच्या पुस्तकातून कळले. त्या दिवसापासून तो मंत्र आम्हांस निराळा ऐकू येऊ लागला. संथेने मंत्र दिला, पुस्तकाने त्याचा अर्थ दिला. दोहोंपैकी एकाला थोर आणि दुसऱ्याला क्षुद्र ठरविण्याचे कारण नाही. पण दोन्ही एकच वस्तू देत नाहीत, हे लक्षात ठेवावे.

पाठांतर, अक्षरज्ञान आणि शाळेतील शिक्षण या तीन गोष्टी निरनिराळ्या करून कोणी तपासल्या आहेत काय? आपल्याकडे हे करणे कठीण, कारण अक्षर आणि शाळा बहुधा एकत्रच येतात. परंतु पश्चिम आफ्रिकेतील लायबेरिया देशात वाई नावाचे लोक आहेत. त्यांनी १८३०च्या दशकात स्वतःची लिपी निर्माण केली. ही लिपी शाळेत नव्हे, तर घरी, मित्राजवळ किंवा नातलगाजवळ शिकत, आणि पत्रे व हिशेब लिहिण्याकरिता वापरीत. काही लोक कुराणासाठी अरबी शिकत, काही इंग्रजी शाळेत जात, आणि पुष्कळ जण मुळीच निरक्षर असत. सिल्व्हिया स्क्रिब्नर आणि मायकेल कोल या अमेरिकन संशोधकांनी १९७०च्या दशकात तेथे जाऊन या साऱ्यांच्या परीक्षा घेतल्या आणि १९८१ साली आपले निष्कर्ष ग्रंथरूपाने मांडले.

ते निष्कर्ष पाहून साक्षरतेचे अतिउत्साही भक्त थोडे हिरमुसले असावेत. नुसती लिपी येणाऱ्यांची बुद्धी निरक्षरांपेक्षा सर्वच बाबतींत तल्लख आढळली नाही. लिपी येणारे लोक ज्या कामांचा सराव पत्रलेखनात होतो त्या कामांत पुढे होते: समोर नसलेल्या माणसास एखादी गोष्ट नीट समजावून सांगणे, शब्दांचे तुकडे पाडणे आणि जोडणे, अशी ती कामे. कुराणाचे पाठांतर करणारे एका विशिष्ट प्रकारच्या क्रमवार स्मरणात सरस ठरले. आपल्या संथेची आठवण येथे सहज होते. आणि ‘असे का?’ या प्रश्नाचे कारण मांडून उत्तर देण्यात शाळेत शिकलेले पुढे होते. तात्पर्य असे, की जे काम आपण वाचनलेखनाकडून करून घेतो त्याच कामाची बुद्धी वाढते. चार ओळींच्या पत्रापुरतेच जो अक्षर वापरतो, त्यास अक्षर चार ओळींपुरतेच फळ देते.

मग भरपूर वाचणाऱ्यांचे काय? येथे कोणी अशी शंका घेईल, की हुशार मूलच अधिक वाचते. वाचनाने हुशारी येते हे कशावरून? शंका अगदी रास्त आहे. तिचे उत्तर शोधण्यासाठी ब्रिटनमधील संशोधकांनी एकसारख्या जुळ्या भावंडांच्या १,८९० जोड्या घेतल्या आणि वयाच्या ७व्या वर्षापासून १६व्या वर्षापर्यंत त्यांच्या पाच वेळा परीक्षा घेतल्या. हा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. अशा जुळ्यांचे जन्मजात गुण सारखे आणि घरही एकच. त्यामुळे फरक पडला तर तो रक्ताचा किंवा घराण्याचा म्हणता येत नाही. आढळले असे, की जोडीतील जे भावंड लहानपणी अधिक चांगले वाचू लागले, तेच पुढे बुद्धीच्या परीक्षांतही थोडे पुढे गेले, आणि ज्या परीक्षांत शब्दांचा संबंधच नव्हता त्यांतही गेले. फरक फार मोठा नव्हता. वाचनाने मंदाचा महापंडित होतो असे कोणी समजू नये. पण ‘जात्याच जे असेल तेच राहते’ हेही खरे ठरले नाही.

आता आपल्या बडोद्याकडे येऊ. कारण या प्रश्नाचे आमच्या मते सर्वांत मोठे उदाहरण येथेच घडले. श्रीमंत सयाजीराव महाराज (तिसरे) यांचा जन्म १८६३ साली नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यात झाला. १८७५ साली महाराणी जमनाबाईंनी त्यांस दत्तक घेतले तेव्हा ते बारा वर्षांचे होते आणि त्यांस लिहितावाचता येत नव्हते. गुरे, शेत आणि भाऊबंद एवढेच त्यांचे जग होते. पुढे इलियट यांच्या देखरेखीखाली शिक्षण होऊन १८८१ च्या अखेरीस त्यांनी कारभार हाती घेतला. हे सारे सहा वर्षांत! बारा वर्षांपर्यंत अक्षर न शिकलेला मुलगा बुद्धीने कमी होता काय? मुळीच नाही, कमी असता तर सहा वर्षांत हे घडले नसते. पण अक्षर मिळाले नसते तर ती बुद्धी कवळाण्याच्या शिवाराबाहेर कधी गेली असती, असेही म्हणवत नाही.

स्वतः उशिरा शिकलेल्या या राजाने पुढे काय केले ते पाहण्यासारखे आहे. १८९३ साली अमरेली महालात त्यांनी सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला आणि १९०६ साली तो सर्व राज्यास लागू केला. त्यावेळी ब्रिटिश हिंदुस्थानात असे काही नव्हते. पण थोड्याच काळात एक अडचण ध्यानात आली. मूल चौथीपर्यंत शिके, नांगरामागे जाई, आणि वाचावयास काहीच नसल्याने काही वर्षांत अक्षरे विसरून जाई. शाळेचा सारा खर्च पाण्यात! म्हणून महाराजांनी १९१० साली अमेरिकेतून विल्यम बोर्डेन या ग्रंथपालास बोलावून राज्यभर मोफत वाचनालयांची व्यवस्था उभी केली. गावकऱ्यांनी काही रक्कम जमविली तर तेवढीच भर सरकारने आणि पंचायतीने घालावी, अशी योजना होती. ज्या गावी वाचनालय नव्हते तेथे पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या पाठविल्या जात. निरक्षरांसाठी चित्रे दाखविण्याची शाखा होती, स्त्रियांसाठी आणि मुलांसाठी स्वतंत्र सोय होती. मांडवीजवळचे मध्यवर्ती पुस्तकालय आपण जाता-येता पाहतो. ते या उद्योगाचे मुख्य ठाणे. एखाद्या संस्थानिकाने शिकारखाना बांधावा, हत्ती बाळगावेत. याने पुस्तकांच्या पेट्या खेडोपाडी फिरविल्या.

इथवर बुद्धीचा विचार झाला. यशाचा विचार वेगळा आणि अधिक अवघड आहे. याच महाराजांनी १९१३ साली एका तरुणास दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांकरिता देऊन न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात धाडले. हे तरुण म्हणजे डॉ. भीमराव आंबेडकर. त्यांच्या वाचनाविषयी लिहावयास हा अंक पुरणार नाही. पुढे मुंबईस दादरला त्यांनी ‘राजगृह’ बांधले तेच मुळी ग्रंथसंग्रह डोळ्यांपुढे ठेवून. असा हा विद्वान शिष्यवृत्तीच्या अटीप्रमाणे नोकरीसाठी १९१७ साली बडोद्यास आला. आणि या शहरात त्यास राहावयास खोली मिळाली नाही. अस्पृश्य म्हणून कोणी जागा देईना. एका पारशी पथिकाश्रमात पारशी नाव सांगून त्यांनी कसेबसे दिवस काढले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दाराशी आला. त्यांनी ओळखीच्या एका हिंदू आणि एका ख्रिस्ती गृहस्थाकडे आसरा मागितला, तोही मिळाला नाही. शेवटी त्यांस बडोदे सोडावे लागले. आपल्या शहरात तेव्हा देवळे होती, धर्मशाळा होत्या, महाराजांची वाचनालयेही होती.

म्हणून ‘वाचा म्हणजे यशस्वी व्हाल’ असे मुलांस सरसकट सांगणे आम्हांस प्रामाणिक वाटत नाही. यशाच्या वाटेवर दारे असतात आणि ती उघडणे न उघडणे दुसऱ्यांच्या हाती असते. उलट, अल्प वाचन असलेला मनुष्य भांडवल, ओळखी आणि धाडस यांच्या बळावर पैसा मिळवू शकतो. अशी उदाहरणे आपल्या पेठेत हवी तितकी आहेत आणि त्यांत लाज वाटण्यासारखे काही नाही. मात्र त्या व्यापाऱ्याची वही कोणीतरी लिहीत असतो, त्याचे करारपत्र कोणीतरी वाचत असतो. तो वाचणारा विश्वासू असला तर ठीक! बंद दारापुढे उभ्या राहिलेल्या डॉ. आंबेडकरांजवळ त्यांचे वाचन शिल्लक होते, ते कोणास हिरावून घेता आले नाही, आणि पुढे देशाची घटना लिहिताना तेच कामी आले. यश या शब्दात हेही मोजावयाचे की नाही, हे ज्याने त्याने ठरवावे.

निरक्षर थोरांचे स्वतःचे मत काय होते, हे विचारावयाचे राहून जाते. संत गाडगेबाबा (१८७६–१९५६) यांस लिहितावाचता येत नव्हते. हातात खराटा घेऊन गावे झाडीत, रात्री कीर्तनात लोकांस प्रश्न विचारून विचारून शहाणे करीत, आणि लोकांनी दिलेल्या पैशांतून त्यांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा उभारल्या. यशस्वी निरक्षर म्हणून दाखवावयास याहून मोठा माणूस महाराष्ट्रात सापडणार नाही. परंतु त्यांनी कधी ‘माझ्यासारखे अडाणी राहा’ असे सांगितले काय? घरातील भांडी विकावी लागली तरी विका, पण पोरांस शिकवा, असा त्यांचा आग्रह असे. अमरावतीच्या विद्यापीठास आज त्यांचेच नाव आहे. ज्यांस अक्षर मिळाले नाही त्यांनी त्याची किंमत ओळखली; ज्यांस ते फुकट मिळाले ते ‘आजोबांचे कोठे अडले होते’ असे म्हणतात, याचे आम्हांस नवल वाटते.

किती वाचावे, याविषयी पालक फार चिंता करतात. कुंभकोणमच्या श्रीनिवास रामानुजनच्या हाती १९०३ च्या सुमारास कार नावाच्या इंग्रज शिक्षकाचे गणितसूत्रांचे एक जाडजूड पुस्तक आले. हजारो सूत्रे, आणि सिद्धता जवळजवळ नाहीतच. त्या एका पुस्तकातील सूत्रे स्वतः सिद्ध करता करता तो गणिती झाला. आणि त्याच नादात इतर विषयांत नापास होऊन कॉलेजची शिष्यवृत्तीही गमावून बसला. पुस्तकांची संख्या मोजणाऱ्यांनी आणि गुणपत्रिका मोजणाऱ्यांनीही हे उदाहरण जवळ ठेवावे.

आता तरुण मंडळी म्हणतील, की श्रवणाचीच थोरवी सांगता, तर आमच्या मोबाइलमध्ये दिवसभर श्रवणच चालू असते! श्रवण चांगलेच, पण काय ऐकतो यावर सारे आहे. हेज आणि आरेन्स या अमेरिकन संशोधकांनी १९८८ साली एक साधी मोजणी केली. लहान मुलांच्या पुस्तकांत हजार शब्दांमागे सुमारे ३१ विरळ शब्द सापडले. पदवीधर माणसांच्या मित्रांशी चाललेल्या गप्पांत सुमारे १७, आणि मोठ्यांच्या दूरदर्शन कार्यक्रमांत सुमारे २३. म्हणजे पोरासोरांचे पुस्तकदेखील पदवीधरांच्या गप्पांहून शब्दांनी श्रीमंत! बहिणाबाईंच्या कानी पडणारे कीर्तन तास-दोन तास एका आख्यानाचा धागा धरून चाले. अर्ध्या मिनिटाला विषय बदलणाऱ्या चित्रफितीस आम्ही त्या पंक्तीत बसवू इच्छित नाही. मोबाइलवर अख्खे पुस्तक ऐकणाऱ्यांशी मात्र आमचे भांडण नाही.

राहता राहिले आपले कपाट. त्यातील पुस्तके धूळ खातात ही तक्रार खरी आहे; पण ते आरतीच्या वेळी बंद असते आणि किल्ली कोणाकडे असते हे कोणास ठाऊक नसते, हेही तितकेच खरे आहे. आमची सूचना एवढीच, की चातुर्मासात पुराण संपल्यावर अर्धा तास कपाट उघडे ठेवावे आणि शाळकरी मुलांपैकी एकाने आळीपाळीने मोठ्याने वाचून दाखवावे. आपल्या कित्येक आजीबाई आणि काकवा यांस मोतीबिंदूमुळे किंवा शाळा न मिळाल्यामुळे वाचता येत नाही. त्यांस श्रवण होईल आणि मुलांची जीभ वळेल. प्रारंभास लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ घ्यावीत असे वाटते. लिहिणाऱ्या बाई लग्नानंतर अक्षर शिकल्या होत्या, आणि पुस्तक इतके हसविणारे आहे की ऐकणारे अर्ध्यावर उठून जाणार नाहीत. कपाटातील प्रतीची मधली पाने सुटली आहेत. ती शिवून देण्याचे आम्ही पत्करले आहे. उत्सवाच्या भांड्यांस स्वयंपाकघराच्या माळ्यावर जागा आहे, ती आम्ही मोजून पाहिली आहे.